बधिर डाग

डोळे मिटून बसलेल्या मुलीच्या हातावर विज्ञानाच्या बाईंनी कापसाचं टोक टेकवलं. स्पर्श कळला की ‘हो’ म्हणायचं, एवढंच. सातवीच्या वर्गात त्वचेचा धडा चालला होता आणि सगळे जिला रेडिओ म्हणत ती पोरगी आपणहून पुढे आली होती.

बोटांवर, मनगटावर तिचं ‘हो’ लगेच येत होतं. कोपराखाली नाण्याएवढा फिकट डाग होता. तिथे कापूस टेकला आणि रेडिओ गप्पच राहिला. बाईंनी पुन्हा टेकवला. मग पेन्सिलीचं टोक जरा दाबलं.

“बाई, सुरू करा ना,” ती डोळे मिटूनच म्हणाली.

वर्ग हसला. बाईंनी तिची बाही अलगद खाली ओढली, शाबासकी दिली आणि तिला जागेवर पाठवलं. फळ्यावर लिहिताना त्यांच्या हातातला खडू मोडला.

शाळा सुटल्यावर त्यांनी तिच्या आईला बोलावून घेतलं. ती लाँड्रीत इस्त्रीचं काम करायची. बाईंनी होता होईल तेवढ्या साध्या आवाजात सांगितलं, की डागावर संवेदना नाही, कदाचित काही नसेलही, पण कुष्ठरोगाची शंका येते. आईने आधी दाराकडे पाहिलं.

“वर्गात कुणाला कळलंय?”

“नाही.”

“कळू देऊ नका. आमचं बिऱ्हाड रस्त्यावर येईल.”

उन्हाचा डाग आहे, आपोआप जाईल, असं ती म्हणत राहिली. मी सोबत येते, असं बाई म्हणाल्या तेव्हा कुठे ती दवाखान्यात यायला तयार झाली.

डॉक्टरबाईंनी घाई न करता तपासलं. शंका खरी होती, पण आजार अगदी सुरुवातीचा होता. गोळ्यांनी पूर्ण बरा होईल, शाळा बुडवायची नाही, ताट वेगळं करायचं नाही, असं त्यांनी बजावलं. उशीर झाला की मात्र नसा कायमच्या जातात. गोळ्या कडू असतात का, एवढंच मुलीने विचारलं. घरातल्या सगळ्यांना एकदा तपासून घ्या, असं डॉक्टरबाई जाता जाता म्हणाल्या.

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या निघायला उठल्या. आई उठली नाही. तिने मुलीला बाहेर पाणी पिऊन यायला सांगितलं आणि दार लागेपर्यंत ती थांबली. मग मांडीवरची पिशवी बाजूला सारून तिने डावा हात टेबलावर ठेवला. करंगळी आणि शेजारचं बोट आत वळलेली होती. त्यांवर भाजल्याच्या खुणा होत्या, काही जुन्या, काही अजून ओल्या.

“इस्त्रीचे चटके आहेत,” ती म्हणाली. “बसतात, पण कळत नाहीत.”

कधीपासून, असं डॉक्टरबाईंनी विचारलं.

“ही रांगत होती तेव्हापासून.” ती बंद दाराकडे बघत राहिली. “माझ्यापासूनच लागलं ना तिला?”

विज्ञानाच्या बाई आपली खुर्ची तिच्याजवळ ओढून पुन्हा बसल्या.