बॉर्डरपल्याडचं पेट्रोल

हे लिहायचंच नव्हतं. दोनदा मोबाईलवर टाईप केलं, दोनदा खोडलं. एक तर हात ऑईलचे, स्क्रीन माझं ऐकत न्हाय. दुसरं म्हंजे जुनी गाडी भंगारात जाणार, ह्यात लिहिण्यासारखं काय हाय, रोजच जात्यात. पर रविवारी जे झालं ते कुणाला तोंडानं सांगायला गेलो की आधी हसू येतंय आन पुढचं सांगून होत न्हाय. म्हणून लिहितो. गिऱ्हाईक आलं की थांबतो, गेलं की परत लिहितो.

मी रणधीर. जळकोटला हायवेच्या कडंला माझं गॅरेज हाय. हे काम शिकलो कुठंच न्हाय, गाड्या उघडून बघत बघत शिकलो.

गॅरेजमागं लिंबाखाली एक पांढरी ओमनी उभी आसती. ती पिराजीमामांची. सख्खे मामा न्हायत, माझा दोस्त प्रेमानंद, त्याचे वडील. जन्मभर वायरमन. खांबावर चढून आख्ख्या गावाला लाईट दिली, पर जीव सगळा ह्या पेट्रोलच्या गाडीत. बुद्धनगरातली ती पहिली चारचाकी. आणली त्या दिवशी बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढं उभी करून तिला हार घातलेला, आन मामांनी तो हार वाळून पार काथ्या झाला तरी आरशाला तसाच ठेवला.

दर दसऱ्याला ही गाडी नागपूरला जायची, दीक्षाभूमीला. पुढं मामा आन बनामामी, मागं जेवढी माणसं बसत्यात तेवढी. मी बी दोनदा गेलोय. आन नागपूरला निघायच्या आदल्या दिवशी एक काम ठरलेलं. गाडी उलट्या दिशेला काढायची, आळंदच्या अंगानं बॉर्डर ओलांडायची आन कर्नाटकात टाकी फुल करून माघारी यायचं. तिकडं पेट्रोल स्वस्त. आमच्या भागातले सगळेच आणत्यात, पर ज्यांचं तिकडं काम आसतं ते. मामा नुसतं पेट्रोलसाठी जायचे.

आमी दोघं शाळेत होतो तवा एकदा प्रेमानंद म्हणला, "पप्पा, जायला-यायला जेवढं जळतंय तेवढं बी वाचत न्हाय."

मामा म्हणले, "हिशेब करायचा आसंल तर उतर. शिट मोकळं व्हईल."

कोण उतरतंय. त्याच रस्त्यावर आमी दोघं गाडी शिकलो. बॉर्डरपल्याड पंपाच्या शेजारी इरम्माचं हॉटेल. हॉटेल म्हंजे चार पत्रे, एक बाकडं. मिरचीभजी आन चहा. मामांना शुगर, म्हणून त्यांचा बिनसाखरेचा. तिला मराठी येत न्हाय, मामांना कन्नड येत न्हाय, तरी दोघं अर्धा घंटा बोलायचे. चहा आधी, पेट्रोल मागनं, हा मामांचा नियम. टाकी भरली की माणसाला निघायची घाई व्हती म्हणायचे.

दोन वर्षांमागं मामा गेले. झोपेतच.

तवापासनं नागपूर बंद. गाडी लिंबाखाली. प्रेमानंद पुण्याला, तिथं हप्त्यावर इलेक्ट्रिक गाडी घेतली आन कॅब चालवतो. आधी आमी रोज बोलायचो. मग आठवड्याला. मग नुसता महिन्यातनं एक मेसेज, "गाडी सुरू केली का." म्या फोटो पाठवायचा, तो अंगठा पाठवायचा. हसू नगा, पर त्या अंगठ्याची मी वाट बघायचो. गाडी हाय म्हणून मेसेज हाय, हे मला कळत होतं.

आन गेल्या शनिवारी मेसेज आला. "दिवाळीला गाडीची पंधरा वर्षं भरत्यात. परत पासिंग, टॅक्स, कोण करतंय. भंगारवाला सोमवारी यायलाय. मी रविवारी येतो."

तवा गॅरेजवर शांतलिंग आन अमरसिंह बसलेले. शांतलिंग नळदुर्ग लाईनला जीप चालवतो. अमरसिंह मोठा बागायतदार, गाडी धुवायला येतो आन तीन घंटे बसतो. म्या मेसेज वाचून दाखवला.

शांतलिंग म्हणला, "बरोबर हाय त्याचं. उद्या सगळ्याच बंद करणार हायत. दिल्लीला जुन्या गाड्या धरायल्यात म्हणं."

"दिल्लीला धरू दे," अमरसिंह म्हणला. "इथं कोण धरतंय? पेट्रोल शंभरीच्या पुढं गेलंय, गाड्या आपोआपच बंद पडायल्यात. आन त्यात आता ते इथेनॉल. ऊस आमचा, आन ॲव्हरेज बी आमच्याच गाडीचं पडतंय."

"ऊस कमी लावा मग, पाटील."

"तू प्याशिंजर कमी भर. दारात लोंबकळत्यात."

"माझं सोडा. मी इलेक्ट्रिक घेतली आन भर लाईनीत लाईट गेली तर? गाडी चार्जिंगला लावून समोर बसायचं, म्हंजे म्हैस पान्हवायची वाट बघितल्यागत."

"पुण्यात लाईट जात न्हाय."

"मग पुण्यातच चालवा म्हणावं."

अमरसिंह माझ्याकडं बघून म्हणला, "तुझं काय रे? पेट्रोल गेलं की तुझा धंदा बी गेला."

म्या म्हणलं, "पंक्चर ऱ्हातंय की." हसले दोघं. मी बी हसलो. पर त्या वक्ताला धंद्याचं डोक्यात नव्हतंच. डोक्यात एवढंच, की सोमवारनंतर प्रेमानंद मला कशासाठी मेसेज करणार?

(गिऱ्हाईक आलं होतं. केबल तुटलेली. आता परत.)

रविवारी दुपारी बुद्धनगराकडं गेलो तर गल्लीत एक निळी गाडी उभी. काचा बंद. आत प्रेमानंद. नुसता बसलेला, स्टेअरिंगवर हात ठेवून. म्या काचंवर टकटक केलं.

"जय भीम. आरं उतर की. कवा आलास?"

"जय भीम. लई येळ झाला."

"मग आत का गेला न्हायस?"

उतरला. गाडीचं दार लावलं. मग घराकडं बघत म्हणला, "आई बाहेर येती का बघत होतो."

मला आधी कळलं न्हाय. मग कळलं. ओमनी गल्लीच्या तोंडाला वळली की बनामामी हातातलं काम टाकून दारात यायच्या. आवाजावरनं. मामा घरात पोचायच्या आधी चुलीवर चहा चढलेला आसायचा. प्रेमानंदची गाडी आली आन आवाजच न्हाय. मामी आत लसूण सोलत बसलेल्या, आन लेक दारात गाडीत बसून वाट बघायलाय.

मामींनी लई बोलून घेतलं त्याला. "चोरागत येतोस व्हय रं? शेजारचं कुत्रं बी भुंकलं न्हाय."

"आई, गाडीचा आवाजच न्हाय तिला."

"मग हॉर्न न्हाय का तिला?"

"हाय की."

"मग तोंडानं तरी हाक मारायची."

चहा पिऊन मला म्हणल्या, "रणधीर, चांगली हाय का रे ही गाडी?"

चांगलीच हाय. खोटं कशाला बोलू. म्या चालवून बघितली, पाण्यावर चालल्यागत चालती, धूर न्हाय, खर्च तर काहीच न्हाय म्हणा. बॉनेट उघडून बघितलं. उघडून बघण्यासारखं मला काय दिसलं न्हाय, एवढंच. मामींना म्हणलं, "चांगली हाय, मामी."

भंगारवाल्याचं त्यांना ठाऊक होतं. सोमवारी सकाळी येणार, ते बी ठाऊक. त्यांनी प्रेमानंदच्या हातात ओमनीची घरातली चावी दिली आन म्हणल्या, "न्यायच्या आधी एकदा फिरवून आण. तशी नगं देऊ."

चार वाजता गॅरेजमागनं ओमनी काढून निघालो. प्रेमानंद चालवायला, मी शेजारी. हायवेला लागल्यावर कुठं जायचं हे आमी बोललोच न्हाय. त्यानं आळंदच्या अंगाला गाडी वळवली.

पयल्यांदा गिअर बदलताना त्याचा पाय अडखळला. म्या म्हणलं, "क्लच विसरलास का लेका?"

"दोन वर्षं डावा पाय नुसता बसून हाय. फुकटचा पगार खायलाय."

हसलो. दोन्ही अंगाला तूर. तिसऱ्या गिअरला गाडी एक घरघर करती, मामा तिला "खोकला" म्हणायचे. म्या कितीदा काढायला बघितली, मामा म्हणायचे, "ऱ्हाऊ दे, तेवढ्यावरनंच तर ती वळखती मला." ती म्हंजे बनामामी.

प्रेमानंद म्हणला, "रण्या, पुण्यात प्याशिंजर खूश आसत्यात. म्हणत्यात किती शांत गाडी हाय. मला बी परवडतंय. पेट्रोलवर आसतो तर हप्ता बी निघाला नसता. मी काय येडा न्हाय परत पेट्रोल घ्यायला."

"मी कुठं म्हणलं?"

"न्हाय, तू म्हणला न्हायस. मीच म्हणायलोय." मग गिअर बदलत, "रात्री शेवटचं भाडं सोडलं की गाडी बंद करतो. आन ती बंद झालीय का चालूच हाय, तेच कळत न्हाय. तसाच बसून ऱ्हातो."

मला त्याला म्हणायचं होतं की मग फोन करत जा की. म्हणलो न्हाय.

बॉर्डर ओलांडली. पंप तिथंच, बोर्ड नवा. इरम्माचे पत्रे बी तिथंच. गाडी आमी रस्त्यावरच उभी केली, काच पुरती खाली बी झाली नव्हती, आन आतनं आवाज आला, "बा तम्मा, कुंद्रु." ये बाबा, बस. तिनं आमाला बघितलं बी नव्हतं. पाठ आमच्याकडं, तोंड स्टोव्हकडं.

आमी बाकड्यावर बसलो. ती तीन चहा घेऊन आली. दोन आमच्यापुढं ठेवले. तिसरा बाकड्याच्या टोकाला, जिथं मामा बसायचे. आन साखरंचा डबा उचलून लांब सरकवला.

मग रस्त्यावरच्या गाडीकडं बघून म्हणली, "अप्पा यल्ली?" अप्पा कुठंयत?

प्रेमानंदला एवढं कन्नड येतं. तो म्हणला, "अप्पा इल्ल." अप्पा न्हायत. मग हातानं वर दाखवलं.

ती उभी ऱ्हायली. पदर तोंडाला लावला. तो चहा काय तिनं माघारी नेला न्हाय. भजी आणली, प्रेमानंदच्या डोक्यावर हात ठेवला आन स्टोव्हकडं गेली. प्रेमानंदनं आपला चहा पिला. मग टोकाचा बिनसाखरेचा उचलला, तो बी पिला, निवलेला. मी दुसरीकडं बघत होतो.

तिथनं उठलो. गाडी पंपावर घेतली. चहा आधी, पेट्रोल मागनं. पंपवाल्यानं विचारलं, किती. आन प्रेमानंद काच खाली करून म्हणला, "फुल."

मी उतरून झाकण उघडलं, नळी आत गेली, आकडे फिरायला लागले. आमी दोघं आकड्यांकडं बघत उभे, शाळंत आसताना बघायचो तसं. आता फरक दोनेक रुपयांचा उरलाय, तरी बघत होतो. झाकण लावलं. पैसे दिले. माघारी निघालो. बॉर्डर आली, गेली.

मग प्रेमानंदनं गाडी कडंला घेतली.

"रण्या."

"काय?"

"हिला उद्या भंगारवाला नेणार हाय."

म्या काट्याकडं बघितलं. काटा पार वर टेकलेला.

जे हसू आलं ते थांबंना. त्यानं डोकं स्टेअरिंगवर टेकवलं तर हॉर्न वाजला, मग अजून हसलो. तुरीतनं एक म्हातारा उठून बघायला लागला. प्रेमानंद डोळे पुसत म्हणला, "पप्पांनी आज उतरवलंच आसतं दोघांना."

"उतरवलं नसतं. म्हणले आसते, बरं झालं."

त्यानं मोबाईल काढला. मग त्यानं भंगारवाल्याला फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

"दादा, उद्या नगा येऊ."

"का वो, भाव पटंना का?"

"भावाचं न्हाय. गाडीत पेट्रोल हाय."

"मग काढून घ्या की. नळी लावा, हाय काय त्यात."

"न्हाय निघत," प्रेमानंद म्हणला आन फोन कट केला.

माघारी गल्लीच्या तोंडाला वळलो तर बनामामी दारात उभ्या. पदराला हात पुसत. आमी काय सांगायच्या आधी त्यांनी टाकीच्या झाकणाशी जाऊन वास घेतला. म्हणल्या, "भरलंय." दुसरं काय न्हाय. आत गेल्या, चहा चढलेलाच होता.

सोमवारी उजाडताच प्रेमानंद पुण्याला निघाला. निळी गाडी गल्लीत उभी, मी तिच्या दाराला टेकून. म्हणला, "कागद दिवाळीपर्यंत हायत. दसरा त्याच्या आधी येतो."

"येतो की."

"हप्ता हाय, सुट्टी घेतली की तिकडं भाडं बुडतंय. जमतंय का बघतो." मग माझ्याकडं न बघता म्हणला, "पर तवर पेट्रोल उडून जाईल. उभ्या गाडीत न्हाय टिकत आता."

तवा म्या त्याला शब्द दिला. म्हणलं, दर रविवारी संध्याकाळी मी ओमनी लिंबाखालनं काढतो, तुझ्या गल्लीच्या तोंडाला वळवतो, तिसऱ्या गिअरला घेऊन. मामी दारात येत्यात का बघतो. चहा पितो, माघारी नेतो. त्यात जेवढं जळंल आन जेवढं उडंल, तेवढं मी इथल्या पंपावरनं भरतो, महागाचं, माझ्या पैशानं. दसऱ्याला तू येशील तवा काटा आत्ता हाय तिथंच दिसंल. नागपूरपर्यंत तू चालव, मामी पुढं बसतील, मी मागं. तू फक्त ये.