दोघींचं वजन

दादाने आईला वजनकाट्यावरून उठवलं, त्याच दिवशी मी ठरवलं, शेंडी तुटो वा पारंबी, तिला परत तिथे बसवायचंच.

आमचं लोकरीचं गोदाम. पोती जोखायचं काम आयुष्यभर आईचं. पण आजारातून उठल्यापासून ती मध्येच शब्द विसरायची. दादा म्हणाला, "उद्या आकडेही विसरशील. आता घरी आराम कर." माझी तळपायाची आग मस्तकात गेली. आई मात्र शांतपणे म्हणाली, "कोडं घालते. आम्हा मायलेकींचंच आहे. सोडवा आणि काट्यावर पडताळा. चुकलं, तर मी आपण होऊन घरी बसेन."

कोडं कसलं, लोकरीचा गुंताच तो! "मी हिच्या आजच्या वयाची होते, तेव्हा हिचं जे वय होतं, त्याच्या तिप्पट माझं आजचं वय. दोघींच्या वयांची बेरीज एकशे वीस. वजनांची बेरीजही तेवढीच, आणि हिचं वजन माझ्या दीडपट. सांगा चारही आकडे."

वयं आम्हाला ठाऊकच होती, पण ती आधीच वापरली तर परीक्षा कसली? मी खडू घेऊन फरशीवर बसले. मांडलं, पुसलं, पुन्हा मांडलं. दादा दोनदा म्हणाला, "सोड आता." मी वर पाहिलंही नाही. शेवटी उत्तर आलं. आई बहात्तर वर्षांची, मी अठ्ठेचाळीस. अगदी बरोबर! वजनं मात्र उलटी, आई अठ्ठेचाळीस किलो आणि मी बहात्तर. भर गोदामात आईने माझी अब्रू काढली होती, तरी मला नाचावंसं वाटलं.

आम्ही आळीपाळीने काट्यावर चढलो. आई भरली पन्नास, मी चौऱ्याहत्तर.

"ना बेरीज जुळते, ना दीडपट," दादा म्हणाला. त्याचाही आवाज पडला होता. "आई, चल घरी."

आई कोटाची बाही ओढत राहिली. "ते... ते काढायचं राहिलं रे. ते... आपण नेहमी..." शब्द काही सापडेना. तिचे डोळे भरून आले. दादाने तिला घरी न्यायला हात पुढे केला.

मला ते बघवेना. मी हट्टाने पुन्हा आकड्यांकडे वळले. दोघींच्या वजनात दोन-दोन किलो जास्त. दोन किलो! आमच्या रिकाम्या पोत्याचं वजन. लोकर जोखली की पोत्याचे दोन किलो आई न बोलता वजा करायची. आमच्या अंगावर जाड कोट होते, पायांत भारी बूट.

"बारदान!" मी ओरडले.

"बारदान," आई म्हणाली आणि हसता हसता रडू लागली.

आम्ही कोट उतरवले, बूट काढले. आई अठ्ठेचाळीस. मी बहात्तर, दुर्दैवाने.

दादाने तिचं स्टूल काट्यापाशी आणलं. त्यावर बसत आई म्हणाली, "मी नुसता शब्द विसरले रे. वजा करायचं तू विसरलास."