राबाखालचा उजेड

मित्रांनो, मी एक जुना लेसर आहे, पण लगेच डोळा लावून माझ्यात डोकावू नका. माझा उजेड माणसाला दिसत नाही, मोबाईलच्या कॅमेऱ्यालाही नाही, पण डोळा मात्र भाजू शकतो. जे दिसत नाही ते नसतंच, असं समजणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. ही गोष्ट त्यांच्यामुळेच घडली.

अकोले तालुक्यातल्या डोंगरात, एका गावच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लोखंडी पेटी आहे. तिच्यात मी बसतो. माझा जीव मोहरीच्या दाण्याहून लहान. दूरच्या कारखान्यात स्फटिकाचे पातळ थर एकावर एक चढवून मला घडवलं. वीज वाढली की मी प्रखर होतो, कमी झाली की मंद. प्रखर म्हणजे एक, मंद म्हणजे शून्य. तुमचा फोटो, तुमचा आवाज, सगळं आधी या एक-शून्यात मोडलं जातं आणि मग मी ते लुकलुकून सांगतो. तुमची पापणी लवते तेवढ्यात माझं कोट्यवधी वेळा लुकलुकून झालेलं असतं!

माझ्या तोंडाशी काचेचा धागा आहे, केसासारखा बारीक. उजेड तर सरळ जातो, मग घाटाच्या वळणांवर तो बाहेर का सांडत नाही? मलाही हा प्रश्न पडायचा. भंडारदऱ्याच्या धरणात बुडी मारणाऱ्या कुणालाही विचारा. पाण्याखालून तिरकं वर पाहिलं की पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा चमकतो. तिरका आदळलेला उजेड पाणी बाहेर सोडत नाही, आतच परतवतं. माझ्या धाग्यातही आतली काच वेगळी आणि भोवतालची वेगळी. दोन्हींच्या सीमेवर उजेड आपटतो, परततो, पुन्हा आपटतो, आणि असं करत करत तालुक्याला पोहोचतो. तिथल्या पेटीतला डोळा माझी लुकलुक वाचतो. शेजारच्या धाग्यातून उत्तर आलं, तरच मला कळतं की माझं बोलणं पोहोचलं.

आता हा धागा पुरणाऱ्या ठेकेदाराचं ऐका. धाग्याची नळी कंबरभर खोल गाडायची होती. पण डोंगरात जिकडे तिकडे कातळ. मऊ माती सापडली ती माझ्या पेटीजवळच्या खिडकीमागे, बन्सी नावाच्या शेतकऱ्याच्या राबात. भाताची रोपं टाकण्याआधी जमिनीच्या एका तुकड्यावर शेण, फांद्या, पालापाचोळा पसरून तो भाजतात, त्याला राब म्हणतात. वर्षानुवर्षं भाजलेली ती भुसभुशीत माती खणायला सोपी. चार बोटं मातीखाली नळी दडपली आणि मंडळी जेवायला गेली. बन्सीला कुणी एका शब्दाने सांगितलं नाही. बिनलाजे कुठले!

वैशाखात बन्सीने राब पेटवला. त्याच सकाळी त्याची आई गोजरबाई छातीवर हात ठेवून शेजारच्या आरोग्य उपकेंद्रात आली. राजेश्वरी सिस्टरने तिला निजवून यंत्राच्या तारा लावल्या.

"हलू नका, आजी. हे अकोल्याच्या डॉक्टरांना पाठवते. ते लगेच सांगतील."

"म्हंजे माजं काळीज अकोल्याला, आन् मी हितंच व्हय?"

गोजरबाईचे ठोके उपकेंद्राच्या तारेतून माझ्यापर्यंत आले. मी लुकलुकलो. उत्तर नाही. पुन्हा लुकलुकलो. खिडकीतून नुसता धूर येत होता.

"लाईन गेली," सिस्टर म्हणाली.

राखेने माखलेल्या हातांनी बन्सी धावत आला. उपकेंद्राच्या खिडकीतून त्याची नजर आपल्याच राबावर गेली. निखाऱ्यांत प्लास्टिक वितळून बुडबुडत होतं.

"आये गं! ही नळी माज्या राबात कुनी घातली?"

सिस्टरने वेळ दवडला नाही. गोजरबाईला जीपमध्ये घालून घाट उतरवला. ती वाचली. जीप दारात उभी होती म्हणून वाचली, माझ्यामुळे नाही.

पुढे ठेकेदाराचा माणूस सुनील नवी नळी घेऊन आला. आधी बन्सीवरच ओरडला, "सरकारी लाईन जाळलीस, केस होईल!" आणि मग माणसांना पुन्हा तसाच उथळ चर खणायला लावला. गोजरबाई दवाखान्यातून नुकतीच परतली होती. बांध धरत धरत आली आणि थेट चरात उतरली. चर तिच्या घोट्याशी संपला.

"सुनीलराव, ह्यात माजी कोंबडी बी पुरायची न्हाई. कंबरंपातुर खांदा."

"आजी, वर या. तुमची तब्येत बरी नाही."

"तब्येतीपायीच उभी हाय. खांदा माज्याभवती."

गुडघ्यापाशी कातळ लागला. माणसं थांबली. ती हलली नाही. शेवटी पहार आली, कातळ फुटला, आणि चराचा काठ तिच्या कंबरेला लागला तेव्हा बन्सीने तिला उचलून वर घेतलं. मग धाग्याची तुटलेली टोकं विजेच्या ठिणगीने तापवून जोडली. आगीने तोडलेलं आगीनेच जुळलं, याचं मला अजून नवल वाटतं.

वर्ष सरलं, पुन्हा वैशाख आला, आणि परवा सिस्टरने गोजरबाईला पुन्हा तारा लावल्या. बाहेर बन्सीचा राब धुमसत होता. पेटायलाच हवा तो, भात त्यावरच उगवतं. आगीखालून मी तिचे ठोके पाठवले. प्रखर, मंद, प्रखर. शेजारचा धागा उजळला.

"डॉक्टर म्हणतात, ठोके चांगले आहेत," सिस्टर म्हणाली.

"पोचलं म्हना की काळीज," गोजरबाई म्हणाली आणि पदर सावरत उठली.

मित्रांनो, माझ्या धाग्याचं टोक सदऱ्याला पुसू नका, धुळीचा एक कणही माझी वाट अडवतो. आणि तुमच्या गावात कुणी चर खणून "झालं काम" म्हणालं, तर मान डोलावू नका. आत उतरा. चर कुठवर लागतो ते स्वतःच्या अंगावर मोजा.