छताच्या रंगाऱ्याची मान

छतं रंगवणाऱ्या माणसाला वर बघता येत नसेल, तर त्यानं करायचं काय? आपल्या रंगाऱ्याची मान अशी आखडली होती की छत बघायचं तर बिचाऱ्याला जमिनीवर उताणं पडावं लागे. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हाडं ठणठणीत आहेत, स्नायू ताठरलेत, योग करा. "कुठला?" रंगाऱ्यानं विचारलं. "झेपेल तो," म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारून मोकळे झाले.

दुखणं यायलाही वेळ बघा कुठली सापडली! जुन्या नाट्यगृहाचं छत नव्यानं रंगवायचं निघालं होतं. घुमटाच्या कडेनं सोनेरी रेघ, तीही हातानं मारायची. अशा कामाची तो वीस वर्षं वाट बघत होता. पण ठेकेदारानं दोघांना बोलावलं होतं, याला आणि याच्या साडूला. दोघंही एकाच धंद्यातले. दीड महिन्यानं दोघांनी बांबूच्या परांचीवर चढून रेघ मारून दाखवायची, ज्याची सरस त्याचं काम. आणि साडूची मान मेली चहूकडे फिरायची.

रंगारी हात धुऊन योगाच्या मागे लागला. आधी गाठला विन्यासाचा वर्ग. तिथे एक आसन नीट लागायच्या आत दुसरं सुरू. बाकीची मंडळी सरसर वाकत होती आणि हा लालबुंद होऊन थरथरत उभा. "अहो, श्वास घ्या, श्वास!" शिकवणाऱ्या बाई ओरडल्या. मग हॉट योग. बंद खोली, भट्टीसारखा उकाडा. दहाव्या मिनिटाला डोळ्यांपुढे काजवे चमकले. मास्तरांनी बाहेर नेऊन पाणी पाजलं आणि वर सुनावलं, "तुम्ही श्वास का रोखून धरता?"

का म्हणजे? रेघ मारणारा रंगारी श्वास रोखतोच! छाती हलली की हात हलतो, हात हलला की रेघेचा सत्यानाश. वस्तादानं पहिल्याच दिवशी हे शिकवलेलं. इतक्या वर्षांत ते असं अंगात मुरलं होतं की अवघड काही समोर आलं की याचा श्वास आपोआप बंद.

"माझ्याबरोबर चला," सासूबाई म्हणाल्या. त्या लेकीकडे, म्हणजे याच्याच घरी राहत आणि आठवड्यातून तीनदा खुर्ची-योगाला जात.

"आई, तो म्हाताऱ्यांचा वर्ग!"

"मग? म्हाताऱ्यांना माना नसतात का, जावईबापू?"

गेला त्यांच्या मागोमाग. सगळी पांढरी डोकी आणि त्यात हा एकटा काळ्या केसांचा. शिकवणारे आजोबा महाचिवट. हात वर, मान हळूहळू मागे, आणि तसंच थांबवून मोठ्यानं मोजायचे, "एक श्वास... दोन श्वास..." थेट दहापर्यंत. तेवढा वेळ श्वास रोखणं कुणाच्या बापाला जमणार? झक मारत घ्यावा लागला. आणि चौथ्या श्वासाला काय गंमत झाली, खांदे खाली उतरले, मानेत काहीतरी सैलावलं आणि भिंत संपून छताची कड डोळ्यांत आली.

"दिसलं!" तो वर्गात ओरडला. आजोबांची मोजणी चुकली.

साडूला बातमी लागली तेव्हा तो फोनवर पोट धरधरून हसला. "खुर्चीत बसून? मग काठी कधी घेतोस?" रंगाऱ्याला हे फार झोंबलं. त्या आठवड्याचे उरलेले वर्ग त्यानं बुडवले आणि मान पुन्हा कुरकुरायला लागली. सोमवारी मात्र सासूबाईंच्या आधी हाच चपला घालून दारात. हसू देत लेकाला! आपल्या मानेला हेच पटतं, तर हेच.

परीक्षेच्या दिवशी आधी साडू चढला. छाती भरून घेतली, हातभर रेघ ओढली, थांबला, दम घेतला, पुढे ओढली. रेघ चांगली होती, नावं ठेवायला जागा नाही.

मग हा चढला. ब्रश उचलला आणि सवयीनं श्वास रोखला. तत्क्षणी मान ताठ! गेलं काम, असंच वाटलं. त्यानं ब्रश खाली घेतला, मनात म्हटलं, एक श्वास. आणि श्वास चालू ठेवूनच ब्रश टेकवला. दोन. तीन. छाती हलत होती, तरी हात डगमगला नाही. पाय परांचीवर बाजूला सरकत होते, रेघ पुढे पुढे चालली होती, आणि त्याला आतून असं काही उधाण आलं होतं की गाणं म्हणावंसं वाटत होतं. ब्रशातला रंग संपला तेव्हाच तो थांबला.

ठेकेदारानं खालून बॅटरीचा झोत टाकला. साडूच्या रेघेत, जिथे जिथे तो दम घ्यायला थांबला होता तिथे, पाच ठिकाणी सांधे चमकले. याच्या रेघेत एकही नव्हता.

"काम तुमचं," ठेकेदार म्हणाला. साडूनं मान हलवली, हसला आणि टाळी वाजवली. "या आता खाली!" ठेकेदारानं वर हाक मारली.

रंगारी काही उतरेना.

"अहो, ऐकलंत ना? काम तुम्हाला दिलं!"

"ऐकलं हो," डोकं पार मागे टाकून घुमटाकडे टक लावत तो म्हणाला. "पण थांबा जरा. बघू द्या."