वाटूर फाट्याजवळ उडालेला फ्यूज

मी एक जुनी व्हॅन आहे. माझा रंग पांढरा आहे, पण मंठ्याच्या काळ्या मातीत चौदा वर्षं फिरल्यावर तो आता फक्त कागदपत्रांत उरला आहे. मित्रांनो, माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. आठवतात ती सुरुवातीची वर्षं, जेव्हा मी शाळेची मुलं नेत असे. बारा मुलं, बारा दप्तरं, आणि प्रत्येकाला खिडकीच हवी. त्यांनी माझ्या मागच्या दारावर खिळ्यानं आपापली नावं कोरली होती. तेव्हा मला राग आला होता.

पुढे शाळेनं मोठी बस घेतली आणि मी मंठ्याजवळच्या एका गावात कारभारी सुताराच्या दारात आले. कारभारी कमी बोलणारा माणूस. त्यानं केलेली खिडकी पावसाळ्यातही अडत नाही, असं गावात सगळे सांगत. मी त्याच्या चौकटी आणि झोपायच्या बाजा पोचवत असे. त्याची बायको कौसल्या पुढं त्याच्या शेजारी बसायची आणि रस्ताभर एकटीच बोलायची. तो फक्त हुंकार द्यायचा. तेवढ्यावर दोघांचं छान चाललं होतं.

मग कौसल्येची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून दोनदा जालन्याला डायलिसिस, म्हणजे यंत्रानं रक्त गाळून घ्यायचं. साठ किलोमीटर जायचं, तेवढंच परत यायचं. तिला पुढं बसवेना. म्हणून कारभारीनं माझी मागची सीट काढली आणि तिथं बाभळीची फळी बसवली. कडा घासून गुळगुळीत केल्या, वर कापसाची गादी टाकली. फळी हलू नये म्हणून चार लांब स्क्रू मारले. कौसल्येनं फळीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "माझ्यासाठी घरातला पलंगबी असा केला न्हाई तुमी." तो नुसता हसला. त्याला हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही.

त्यानंतर महिनाभरानं माझा आजार सुरू झाला.

माझ्या टाकीत एक छोटा पंप आहे. तो इंजिनाकडे पेट्रोल ढकलतो. त्या पंपाच्या विजेच्या वाटेवर एक फ्यूज असतो, नखाएवढा. वीज वाजवीपेक्षा जास्त वाहू लागली की तो स्वतः जळतो आणि पुढची वायर वाचवतो. तो जळला की पंप थांबतो आणि मी जागच्या जागी बंद पडते. असा तो जालन्याच्या वाटेवर एकदा जळला. आठ दिवसांनी पुन्हा जळला.

मंठ्याचा महेमूद मेकॅनिक प्रामाणिक माणूस होता. पहिल्यांदा त्यानं फ्यूज बदलला. दुसऱ्यांदा त्याला वाटलं, पंप जाम होऊन जास्त वीज ओढतो आहे. त्यानं पंप बदलला. तिसऱ्यांदा पंपाची जोडणी काढून त्यानं तासभर सगळं तपासलं. चौथ्यांदा तो मला जालन्याच्या वाटेवरच्या रामनगरपर्यंत पळवून आला. माझा फ्यूज शाबूत. "गाडी बराबर हाय, भाऊ," तो म्हणाला, पण त्याचं त्यालाच समाधान नव्हतं. कुणीतरी कारभारीला सांगितलं, मोठा फ्यूज टाक, उडणार नाही. महेमूदनं त्याला बजावलं, तसं केलं तर फ्यूज वाचेल आणि गाडी पेटेल. कारभारीनं ऐकलं. योग्य मापाचे चार फ्यूज तो डबीत घालून जवळ ठेवू लागला.

एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली होती. फ्यूज जाताना उडायचा, येताना कधीच नाही. त्यानं ती महेमूदला सांगितली नाही. सांगण्यासारखी वाटली नसेल.

श्रावणातल्या एका सोमवारी सकाळी कौसल्येला फार धाप लागली होती. पाय सुजून चपलेत मावत नव्हते. वाटूर फाटा मागं पडला आणि मी बंद पडले. कारभारीनं फ्यूज बदलला. मी सुरू झाले, वीस पावलं गेले, थांबले. त्यानं दुसरा घातला, मग तिसरा. मागून कौसल्या म्हणाली, "मी उतरू का जरा? गाडी हलकी हुईल."

"तू हलू नको," तो म्हणाला. "बसून राह्य."

चौथाही जळला. मित्रांनो, मी तिला घेऊन तिथं उभी होते, टाकी भरलेली, चारही चाकं धड, आणि मला एक शब्द बोलता येत नव्हता. पाऊण तासानं एक जीप थांबली आणि दोघांना घेऊन गेली.

कौसल्या गुरुवारी दवाखान्यातच वारली. तिचं हृदय आधीच थकलेलं होतं, पाऊण तासानं काही बदललं नसतं, असं डॉक्टरांनी त्यांची मुलगी साधना हिला सांगितलं. साधनानं ते बापाला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं.

मला न्यायला तो आला तेव्हा त्यानं एक फ्यूज घातला आणि मी पहिल्याच चावीला सुरू झाले. पुढं दोन महिने माझा फ्यूज एकदाही उडाला नाही. कारभारी चौकटी नेत होता, परत येत होता. एकदा टायरची हवा बघायला तो महेमूदकडे थांबला. महेमूदनं फ्यूजचं विचारलं. कारभारी म्हणाला, "आता कशाला उडतोय. तिला फक्त कौसल्याच जड झाल्ती."

महेमूदच्या हातातलं काम थांबलं. ती कुठं बसायची, कशी बसायची, असं तो विचारत गेला. कारभारीनं सांगितलं की जाताना धाप लागायची म्हणून ती उशा लावून फळीच्या डाव्या टोकाला टेकून बसायची. येताना थकून आडवी व्हायची. महेमूदचा चेहरा उतरला. म्हणाला, जाऊ द्या भाऊ, पुन्हा कधी बघू. पण कारभारी हलेना.

मग महेमूदनं पंप सोडवला, फ्यूज काढून त्या जागी एक छोटा बल्ब जोडला आणि वीज चालू ठेवली. तारेत दोष असला तर बल्ब पेटणार. बल्ब विझलेलाच होता. कारभारी मागं चढला आणि फळीच्या डाव्या टोकाला बसला. बल्ब पेटला. महेमूदनं तो मुठीत झाकला, पण उजेड समोरच्या काचेवर पडला होता.

गादी निघाली, फळी निघाली. एका स्क्रूचं टोक माझ्या पत्र्यातून खाली उतरलं होतं. खाली पंपाची वायर. वजन आलं की टोक वायरीच्या सालीत रुतायचं, वजन उठलं की सुटायचं.

"म्या मारलाय ह्यो," कारभारी म्हणाला.

"भाऊ, गाडी चार येळा माझ्याकडं आल्ती. मागं कोण बसतंय, म्या एकदाबी इचारलं न्हाई. चूक माझी धरा."

"ती उतरते म्हणली होती, महेमूदभाई." एवढं बोलून तो खाली बसला. महेमूद त्याच्या शेजारी बसला. दुपारची अजान झाली तरी उठला नाही.

महेमूदनं वायर नवी घातली, रबराच्या नळीतून दुसरीकडून नेली. कारभारीनं मला पुन्हा चालवलं नाही. साधना परतूरला दिलेली आहे. तिच्या ओळखीच्या देवानंद नावाच्या कापडवाल्यानं मला नेलं. निघताना कारभारी दारात रंधा मारत होता. त्यानं मान वर केली नाही.

मित्रांनो, आम्ही वस्तू बोलत नाही. बिघडणं हीच आमची बोली आहे. एखादी वस्तू पुन्हा पुन्हा बिघडली तर नुसता तुकडा बदलून पुढं जाऊ नका. ती कधी बिघडते, त्या वेळी जवळ कोण असतं, काय वेगळं असतं, ते विचारा. तुमच्या ध्यानात आलेली बारीकशी गोष्टही दुरुस्त करणाऱ्याला सांगा. आमची निगा राखणं म्हणजे तेवढंच, आणि त्यात तुमच्याच माणसांची निगा असते.

देवानंद गिऱ्हाइकांना सांगतो, गाडी जुनी असली तरी गुणाची आहे, वाटेत कधी दगा दिला नाही. लोक माझ्या पत्र्यावर थाप मारतात. मी ती मुकाट्यानं सोसते.