सव्वा मूठ

"माय, यंदा मन्हा नावनी मूठ लेऊ नको."

मंजुळाबाईंचा सुपातला हात थांबला. गव्हातले खडे निवडता निवडता दिपमालाने हे सांगितलं, तेही मान वर न करता. सून पुनम शेजारीच बसली होती. तिने दोघींकडे पाहिलं आणि चहाचं निमित्त काढून आत गेली. शहाणी पोर.

"काबरं?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"ते मन्हं नाव नही शे."

आता हे मुठीचं प्रकरण सांगायला हवं. श्रावणात खानदेशात कानबाई ही देवी नारळाच्या रूपात बसते आणि तिच्यासाठी प्रसादाचे जाड रोट होतात. रोटांचा गहू असा पोत्यातून भसाभस ओतायचा नसतो. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ काढायची. काल जन्मलेल्या पोराची मूठ निघते, खाटेला खिळलेल्या म्हाताऱ्याचीही निघते. गेलेल्याची तेवढी सुटते. बायकांच्या नावाची मूठ मुळातच नसते, त्या फक्त काढणाऱ्या. सुपडू आबांच्या घराण्यात तर रोट लेकींना देतही नाहीत. लेकींना मान विसर्जनाचा, कानबाई डोक्यावर घेऊन नदीवर न्यायचा. सुपडू आबा म्हणजे मंजुळाबाईंचे थोरले दीर. साऱ्या भावकीत त्यांचा शब्द चालायचा.

दिपमाला जन्मली तेव्हा तिचं नाव अभिमन ठेवलं होतं. दुसरा मुलगा झाला म्हणून गावभर पेढे वाटले होते. पण पोराचं काहीतरी वेगळं आहे, हे मंजुळाबाईंना फार लवकर कळलं होतं. आईला कळतंच हो, कबूल करायला तेवढा वेळ लागतो. भगताकडे नेऊन झालं, अंगारे झाले, कॉलेजात गेल्यावर मारही झाला. शेवटी नवऱ्याने, जीवरामभाऊंनी, पोराला धुळ्याच्या मोठ्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर भला माणूस होता. त्याने नीट समजावलं, "हा आजार नाही. हा मुलगा आतून मुलगीच आहे. जबरदस्तीने लग्न लावाल तर दोन जीव वाया जातील." जीवरामभाऊ एसटीत खिडकीबाहेर बघत बसले आणि गाव आल्यावर एवढंच बोलले, "आजार ऱ्हाता ते बरं व्हतं. औषध तरी आनता उनं असतं."

तरीही सोयरीक ठरवलीच. लोक काय म्हणतील हे औषध सगळ्यांकडे असतं. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी अभिमन जळगावला निघून गेला. पुढे अभिमनची दिपमाला झाली, डाळमिलच्या ऑफिसात नोकरीला लागली, खोली घेतली. ती सुखात होती. सुखात होती हेच मंजुळाबाईंना आधी पचलं नव्हतं, मग हळूहळू त्याचंच बरं वाटायला लागलं.

पण मूठ मात्र त्यांनी कधी सोडली नाही. दरसाल अभिमनच्या नावाची काढायची, त्याच्या वाटणीचा रोट पदराआड बांधायचा आणि जळगावची एसटी धरायची. रोट घराबाहेर नेत नाहीत, हे ठाऊक असून न्यायचा. लेक मुकाट खायची. आईला वाटायचं, आपण पोराला घराशी बांधून ठेवलंय.

यंदा दिपमाला पहिल्यांदाच घरी आली होती, साडी नेसून, भर दिवसा, गल्लीतून चालत.

"तू दरसाल रोट आनस, मी खास," दिपमाला म्हणाली. "पन तो घास अभिमनना ऱ्हास, माय. तू त्यालेच जेवाडस. मी नुसती तोंड उघडस."

मंजुळाबाईंनी सूप खाली ठेवलं. एवढे वाकडे रस्ते करून, चोरून नेलेला तो रोट, आणि तो पोरीच्या घशात अडकत होता!

"मरेल मानूसनी मूठ सोडतस, पोरी," त्या म्हणाल्या. "तुन्हा बापनी सोडी तव्हय मन्हा जीव कसा व्हयना माले ठाऊक. जित्तानी कशी सोडू?"

"मी जित्ती शे ना. तुन्हापुढे बठेल शे." दिपमालाने आता मान वर केली. "आज ते नाव निंघनं, तं मी सांजनी गाडी धरीसन जासू. मंग परत येवाव नही."

ती धमकी देत नव्हती. थकली होती बिचारी. मंजुळाबाईंना ते दिसत होतं, म्हणूनच भीती वाटली.

दुपारी आबांच्या ओसरीवर सगळी भावकी जमली. मध्ये गव्हाची रास, शेजारी कोरी टोपली. आबा थोरल्यापासून एकेक नाव घेत, त्या त्या घरची बाई पुढे येऊन मूठ काढी. दिपमाला दाराशी उभी होती. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं, म्हणजे सगळे बघत होते.

"प्रेमराज जीवराम." मंजुळाबाईंनी थोरल्या मुलाची मूठ काढली.

"अभिमन जीवराम."

सवयीने हात राशीत गेला. मूठ भरली. गहू गार होता. जीवरामभाऊ गेले त्या वर्षी हात असाच राशीत गेला होता आणि जाऊबाईंनी, सुनंदाबाईंनी, हळूच मनगट धरलं होतं. आज कुणी धरलं नाही.

"प्रेमराजनी माय, टाक ना," आबा म्हणाले.

थोरल्या दिरासमोर मंजुळाबाई उभ्या आयुष्यात मोठ्याने बोलल्या नव्हत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि मूठ राशीतच उघडली.

"यंदापाईन ती मूठ नही, आबा."

प्रेमराजने मान खाली घातली.

"म्हंजे? पोऱ्या मरी गया असं समजानं का?" आबांचा आवाज चढला.

"मरो तेन्हा दुश्मन!" मंजुळाबाई अशा काही कडाडल्या की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. "मन्ही पोर शे ती, दिपमाला. दाराशी उभी शे, दखा. आपला घरमा पोरीस्नी मूठ काढतस का?"

आबा म्हातारे होते, हट्टी होते, पण रीतीचे पक्के होते. पोरींची मूठ काढत नाहीत, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी एकदा गव्हाकडे पाहिलं. मग खाकरले.

"तेजस प्रेमराज," त्यांनी पुढचं नाव घेतलं.

मंजुळाबाईंनी नातवाची मूठ काढली. टोपलीत गहू दरसालपेक्षा कमी दिसत होता. त्यांनाच दिसत असेल कदाचित. त्या मागे सरल्या तेव्हा घामेजल्या तळव्याला काही दाणे चिकटलेले होते. ते त्यांनी झटकले नाहीत, पदराच्या टोकाला बांधले.

रविवारी रोट झाले. दिपमालाला मिळाला नाही. ती पुनमबरोबर पुरणपोळी जेवली, दोनदा वाढून घेतली.

सोमवारी सकाळी कानबाई निघाली. पुढे डफ, मागे फुगड्या घालणाऱ्या बाया. लेकी आळीपाळीने कानबाईच्या नारळाचा चौरंग डोक्यावर घेत होत्या. दिपमाला कडेकडेने चालत होती. तिला कुणी नको म्हटलं नाही आणि ये म्हणूनही कुणी बोलावलं नाही. पांझरा नदीचा उतार आला तशा सुनंदाबाई पुढे झाल्या. एका लेकीच्या डोक्यावरून चौरंग उतरवून घेतला, चुंबळ दिपमालाच्या डोक्यावर ठेवली आणि तिच्यावर चौरंग टेकवला.

"आते तू ले, पोरी. ध्यान ठेव, नारय हालाले नको."

दिपमालाने दोन्ही हातांनी चौरंग धरला. पाय जपून टाकत, डोळ्यांतून पाणी वाहत ती उतार उतरली. नारळ हलला नाही. आबा बरोबरच चालत होते. त्यांनी डोळ्यांवर हात धरून नदीपलीकडे पाहिलं, जणू तिकडे कुणी हाक मारली होती.

मंजुळाबाई बाकीच्या बायांपासून जरा दूर जाऊन पाण्यात उतरल्या. पदराची गाठ सोडली. दाणे ओंजळीत घेतले, मनातल्या मनात पोराचं नाव घेतलं आणि हात पाण्यात उघडला. तेव्हा मात्र त्यांना रडू आवरलं नाही. पोर मेला नव्हता, तरी त्याच्यासाठी एकदा रडायचं राहून गेलं होतं.

"माय!" भिजलेल्या साडीने दिपमाला पाणी तुडवत आली. "काय सोडं वं?"

"काही नही. हातले गहू चिकटेल व्हतात," मंजुळाबाई म्हणाल्या आणि ओल्या हाताने तिच्या कपाळावर पसरलेलं कुंकू नीट करू लागल्या.