तनुजाच्या केसांच्या सात गाठी

प्रियदर्शनी बिनसाखरेचा चहा पिते, हे तनुजा एका बुधवारी विसरली. प्रियदर्शनीने तो गोड चहा तसाच पिऊन टाकला. माणूस दमलं की विसरतं, असं तिला वाटलं.

प्रियदर्शनी यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसची. चार वर्षांपूर्वी ती पुण्यात आली आणि एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागली. सकाळी साडेसहापासून कोथरूड-कर्वेनगरातल्या घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे, हे तिचं काम. दुसरं एक काम ती सहसा कुणाला सांगत नसे. दिग्रसला तिची आत्या गोदाबाई माणसांवर बांधलेल्या गाठी सोडायची. कुणी कुणाची झोप बांधलेली असायची, कुणी कुणाची वाचा. ती विद्या आत्याने भाचीला शिकवली होती. गावातले लोक आत्याला तोंडावर जाणती म्हणायचे आणि माघारी चेटकीण.

तनुजा कर्वेनगरचीच. कर्वेनगर हिंगणे बुद्रुक होतं तेव्हापासून त्यांची तिथे शेती होती. आता चारी बाजूंना सोसायट्या उभ्या होत्या आणि मधल्या उरलेल्या पाच गुंठ्यांत तनुजाची नर्सरी. दोन वर्षांपूर्वी प्रियदर्शनी तिथे पांढऱ्या रुईचं रोप मागायला गेली. कशाला हवं, असं तनुजाने विचारलं. "एकाची गाठ सोडायची आहे," असं खरं काय ते तिच्या तोंडून निघून गेलं. तनुजा हसली नाही. "कशी सोडतात?" असं तिने विचारलं. तिथून त्या दोघींचं सुरू झालं.

तीन महिन्यांपूर्वी तनुजाच्या आईने, मुक्ताबाईंनी, दोघींना नर्सरीच्या शेडमध्ये पाहिलं. तनुजाचं डोकं प्रियदर्शनीच्या मांडीवर होतं आणि प्रियदर्शनी तिच्या केसांतून हात फिरवत होती. मुक्ताबाई पाण्याचा पाइप उचलून निघून गेल्या.

चहानंतर दोन दिवसांनी तनुजा प्रियदर्शनीच्या खोलीचा जिना विसरली. मग दोघींनी मिळून पाहिलेला सिनेमा. मग ती तिला दर्शू म्हणायची ते. बाकी सगळं तिला लख्ख आठवत होतं. कोणत्या गिऱ्हाइकाने मागच्या दिवाळीत कोणती कुंडी नेली, हेसुद्धा. विसरत होती ती फक्त प्रियदर्शनीला.

प्रियदर्शनी घाबरली, पण घाबरली की ती बारकाईने पाहायला लागायची. तिने तनुजाचं मनगट हातात घेतलं आणि नाडीवर बोटं ठेवली. सहा ठोके नीट पडले. सातव्याला नाडी अडखळली. पुढचे सहा नीट, सातव्याला पुन्हा तेच.

तिने आत्याला फोन लावला.

"वय झालं की माणूस सगळंच इसरते," गोदाबाई म्हणाली. "पण एकाच माणसाले कोणी इसरत नाही व. कोणी तरी गाठ मारून राहिलं. सात गाठी असतील."

"कोण मारतं, ते कसं कळेल?"

"तू रोज लोकायचे हात धरते ना? मंग पाह्य. असं करणारा एकावर थांबत नाही."

पुढचे आठ दिवस प्रियदर्शनीने प्रत्येक मनगट गरजेपेक्षा जरा जास्त वेळ धरलं. नवव्या दिवशी कोथरूडला दत्तप्रसाद नावाच्या एका निवृत्त गृहस्थांच्या हाताशी तिची बोटं थबकली. सातवा ठोका अडखळत होता.

"काका, एक विचारू? तुम्ही काही विसरला आहात का?"

"विसरलेलं आठवत असतं, तर त्याला विसरणं म्हटलं असतं का?" ते म्हणाले. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून जरा नरमले. "भिंतीवर तो फोटो आहे ना, त्या माझ्या पत्नी. असं शेजारी सांगतात. मला त्यांचं काही आठवत नाही. झोप मात्र छान लागते."

"कुणाकडे गेला होतात?"

"विश्रांतवाडीला एक राधाबाई आहेत. पैसे घेत नाहीत. त्यामुळे आधी मला संशयच आला होता."

दुपारी प्रियदर्शनी विश्रांतवाडीला पोचली. आळंदी रस्त्यापासून थोडं आत एक जुनी सोसायटी होती. दुसऱ्या मजल्यावरच्या दारावर पाटी होती: 'बेल एकदाच वाजवावी. ऐकू येते.' तिने एकदाच वाजवली. दार उघडणाऱ्या बाई साठीच्या, इस्त्रीच्या सुती साडीतल्या, जाड चष्म्याच्या. बाहेरच्या खोलीत भिंतभर फळ्या होत्या आणि फळ्यांवर कुंकवाच्या डबीएवढ्या स्टीलच्या डब्या ओळीने मांडलेल्या. दीडेकशे तरी असतील.

"बसा," राधाबाई म्हणाल्या. "विसरायचं काय आहे? माणूस की प्रसंग?"

"आधी मला सांगा, विसरलेलं जातं कुठे?"

राधाबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांना नुसती घाई असते. जाणार कुठे? इथेच राहतं. माझ्याकडे." त्या खुर्चीत जरा रेलल्या. "आता हेच बघा ना. एकदा मी नर्सरीत जास्वंदीचं कलम बांधत होते. एक मुलगी आली. खांद्याला निळी पेटी, एका चपलेचा अंगठा सुतळीने बांधलेला. पांढरी रुई मागत होती. रुई मागेच होती, तीन रोपं. पण लगेच दिलं असतं तर ती लगेच गेली असती. म्हणून मी म्हटलं, आज नाही, गुरुवारी या."

ती सुतळी प्रियदर्शनीला आठवत होती. ती तीन रोपं तिला आजवर माहीत नव्हती.

"मग?" तिने विचारलं.

"मग ती पेटी सावरत निघाली, आणि फाटकाशी वळून तिने मलाच विचारलं, गुरुवारी किती वाजता. मी सांगितलं, केव्हाही. दिवसभर असते मी. आणि गुरुवारी सकाळी सातपासून फाटकाकडे बघत बसले."

"बाई, ही आठवण तुमची नाही. ती मुलगी मी आहे."

राधाबाईंनी चष्मा काढला. त्या चिडल्या नाहीत, नाकारलंही नाही. प्रियदर्शनीने हात पुढे केला आणि त्यांनीही सवयीने, डॉक्टरला द्यावा तसा, आपला हात दिला. त्यांच्या नाडीत सातवा ठोका वेगळा निघेना. प्रत्येकच ठोका अडखळत होता.

"तुमच्या आईचं नाव काय?"

"कुसुम," राधाबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "लक्ष्मी." मग, "शकुंतला." त्या थांबल्या. "यातली माझी कुठली?" त्यांनी विचारलं, एखाद्याने अनोळखी भागात पत्ता विचारावा तसं.

प्रियदर्शनी चीड घेऊन आली होती, आणि ती चीड कुठे ठेवावी ते तिला कळेना.

"तनुजाच्या गाठी सोडा."

"मला सुटत नाहीत त्या. बांधणाऱ्याच्याच हाताने सुटतात. तिच्या आईने बांधल्यात." राधाबाई सरळ सांगू लागल्या. "खरं म्हणजे बाईंना स्वतःलाच विसरायचं होतं, शेडमध्ये काय पाहिलं ते. मी म्हटलं, ते उपटायला गेलं तर मुलगीच सगळी निघून येईल बरोबर. त्यापेक्षा मुलीच्या मनातून काढू. तिच्या कंगव्यातले केस आणा. त्या तासभर इथे बसून होत्या, मग केस आणायला गेल्या."

"डबी द्या मला."

"का देऊ? सातातल्या दोन गाठी तर माझ्यात मुरल्यासुद्धा. पाच उरल्यात, त्याही येतील." मग त्या पुढे वाकल्या. "एक मात्र मला कळत नाही. माझ्याकडे तिचीच बाजू आहे. तुम्ही गुरुवारी परत का आलात? रोप तर कुठेही मिळालं असतं."

"डबी द्या. मग सांगते."

राधाबाईंनी फळीवरच्या दोन डब्या हलवल्या आणि मागची तिसरी काढून तिच्या हातात ठेवली.

"रोप मला बुधवारीच दुसरीकडे मिळालं होतं," प्रियदर्शनी म्हणाली. "तरी गेले."

राधाबाई कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. प्रियदर्शनी निघाली तेव्हा त्या दार लावायलाही उठल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी शेवटचा नमुना लॅबमध्ये पोचवून ती नर्सरीत गेली. तनुजा फाटकाजवळ पिशव्यांत माती भरत होती. तिने मान वर केली आणि हसून विचारलं, "काय हवंय ताई?"

प्रियदर्शनीने पेटीचा पट्टा खांद्यावर सावरला. "काकूंना भेटायचं होतं," ती म्हणाली.

मुक्ताबाई मागे कुंड्या धुवत होत्या. डबी पाहताच त्यांचे हात थांबले.

"आलीस व्हय," त्या म्हणाल्या. "मला वाटलंच हुतं."

"काकू, या तुम्हालाच सोडाव्या लागतील."

"आन् न्हाय सोडल्या तर?"

"तर मी काही करू शकत नाही."

मुक्ताबाईंनी हात पदराला पुसले, पण डबी घेतली नाही. "परवा तिनं ताट वाढलं," त्या म्हणाल्या. "पप्पांचं. मला म्हनली, पप्पा अजून आले न्हाईत, फोन लाव की. म्या काय लावू?"

तनुजाचे वडील गेल्या वर्षी वारले होते. दवाखान्यातल्या त्या तीन दिवसांत प्रियदर्शनी तनुजाच्या शेजारी बाकावर बसून होती. प्रियदर्शनीला विसरताना तनुजा ते तीन दिवसही विसरली, आणि त्यांच्याबरोबर वडिलांचं जाणंही गेलं. प्रियदर्शनीच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. तिने फक्त स्वतःपुरत्या आठवणी मोजल्या होत्या.

"गाठी मारताना तुमच्या मनात काय होतं?" तिने विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मनात काय असनार. हात कापत हुते, येवढंच." मुक्ताबाईंनी डबी घेतली आणि उलट्या कुंडीवर बसल्या. "मला हे पटत न्हाय, पोरी. आजबी न्हाय. पन असं घरात बिनबापाची पोरगी बापाची वाट बघतीया, हे बी बघवत न्हाय."

डबीत केसांची एक काळी बट होती, काळ्या दोऱ्यात गुंडाळलेली. शेवटची गाठ आधी सुटली. पुढे फाटकाशी तनुजाचं फावडं थांबलं. दुसरी सुटली. तिसरी सुटायला वेळ लागला, मुक्ताबाईंनी ती नखाने उकलली, आणि पुढून तनुजाचा आवाज आला. हुंदका नव्हता तो, श्वास अडकल्यासारखं काहीतरी. ती मातीच्या ढिगावर बसली होती. बाप गेल्याचं तिला त्या क्षणी नव्याने कळलं होतं.

मुक्ताबाई डबी टाकून धावल्या. प्रियदर्शनीही धावली, पण चार पावलांवर थांबली, कारण तनुजाने आईच्या कमरेला मिठी मारली होती. ती तशीच उभी राहिली. उरलेल्या गाठींना तिला हात लावता येत नव्हता. बऱ्याच वेळाने मुक्ताबाई परत आल्या, खाली बसल्या आणि डोळे न पुसता उरलेल्या सोडत गेल्या. शेवटच्या दोन गाठी हात लावताच गळून पडल्या. त्यांत काहीच उरलं नव्हतं.

"दर्शू," तनुजाने हाक मारली.

पहिली भेट आणि तो गुरुवार तिला कधीच परत मिळाले नाहीत. बाकीचं बहुतेक आलं. आईने काय केलं ते कळल्यावर ती प्रियदर्शनीच्या खोलीवर राहायला गेली आणि बारा दिवस आईशी बोलली नाही. तेराव्या दिवशी मुक्ताबाई स्वतःच जिना चढून आल्या. दारातच उभं राहून म्हणाल्या, "जास्वंदीला मावा लागलाय. काय मारायचं?" तनुजा चप्पल घालून त्यांच्याबरोबर गेली. संध्याकाळी ती खोलीवर परत आली. पुढेही तसंच राहिलं, दिवसा नर्सरी आणि संध्याकाळी खोली. मुक्ताबाई त्याबद्दल चांगलंही बोलल्या नाहीत आणि वाईटही नाही.

राधाबाईंचा फोन एका शनिवारी आला. नंबर त्यांनी दत्तप्रसादकाकांकडून मिळवला होता.

"या डब्या घेऊन जा," त्या म्हणाल्या. "तुमच्या बाजूचं ऐकल्यापासून माझं चित्त लागत नाही. सगळं अर्धवट वाटतं."

मग रविवारी दोघी तनुजाच्या स्कूटरवरून विश्रांतवाडीला जायच्या आणि डब्या ज्याच्या त्याला नेऊन द्यायच्या. काही लोक दारातच रडले. काहींनी आधी ओळखच दिली नाही. दत्तप्रसादकाकांनी आपली डबी कानाशी धरून हलवली, भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं आणि म्हणाले, "थोडे दिवस कपाटात ठेवतो. उघडायची सक्ती तर नाही ना?" सक्ती नव्हती.

फळ्या रिकाम्या झाल्या तेव्हा कोपऱ्यात एक डबी उरली. ती साध्या पत्र्याची होती, गंजलेली, आणि तिच्यावर नाव नव्हतं. आतला दोरा विटून तपकिरी झाला होता, केस मात्र लांब आणि काळेभोर. प्रियदर्शनीने ते खिडकीच्या उजेडात धरले, मग राधाबाईंच्या पांढऱ्या अंबाड्याकडे पाहिलं.

"ही तुमचीच आहे," ती म्हणाली. "आणि बांधलीही तुम्हीच. बहुतेक सगळ्यांच्या आधी."

"मी कशाला बांधेन?"

"ते मला नाही सांगता येणार."

राधाबाईंनी चष्मा पुसला, परत लावला आणि बोटांनी गाठ चाचपली. तनुजा खुर्ची पुढे ओढून बसली. बाहेर भाजीवाल्याची हाक ऐकू येत होती. पहिली गाठ सुटली तसं राधाबाईंनी ओठ हलवले, पण आवाज आला नाही. दुसरीला त्यांचा चेहरा एकदम कोवळा दिसला.

"चंपा," त्या म्हणाल्या.

"तुमची आई?" प्रियदर्शनीने विचारलं.

"नाही. हॉस्टेलला माझ्या खोलीत होती." त्यांनी दोघींकडे पाहिलं, एकीकडून दुसरीकडे. "तिच्या घरचे तिला न्यायला आले होते. मी जिन्यात उभी होते."

"मग काय झालं?" तनुजाने विचारलं.

"थांबा," राधाबाई म्हणाल्या आणि तिसरी गाठ हातात घेतली. "सांगते. मलाही आत्ताच कळतंय."